नवी वेगवान मोटार आणि जुन्याचे दर्दी

अर्थकारण, समाजकारण आणि साहित्य ह्यांवरील लेखांच्या पंगतीत वेगवान मोटारींवरचा लेख पाहून काही वाचकांच्या कपाळाला आठी पडेल. ज्या मोटारींविषयी येथे लिहावयाचे आहे त्या आपल्यापैकी बहुतेकांच्या दारात कधी उभ्या राहावयाच्या नाहीत, हेही आम्ही जाणून आहोत. तथापि ह्या मोटारींच्या दर्दी मंडळींत गेली पंधरा-वीस वर्षे एक वाद धुमसतो आहे, आणि यंत्रे वापरणाऱ्या प्रत्येकाने तो समजून घ्यावा इतक्या मोलाचा तो आहे असे आम्हांला वाटते.

वादाचे स्वरूप सांगावयाचे तर दोन वाक्यांत सांगता येते. नवी मोटार जुनीपेक्षा अधिक वेगाने पळते, अधिक लवकर थांबते, अपघातात माणसाला अधिक वाचवते. आणि दर्दी म्हणतात की, तरीही आम्हांला जुनीच द्या, कारण नवी चालवण्यात गंमत उरलेली नाही. बाहेरच्या माणसाला हे ऐकून हसू येते. विळीपेक्षा यंत्राने भाजी लवकर चिरली जाते असे कबूल करून विळीसाठी अडून बसावे, तशातला हा प्रकार त्याला वाटतो. परंतु ही तक्रार करणारे लोक यंत्राचे अज्ञानी नाहीत. उलट यंत्राचा स्क्रू न् स्क्रू ओळखणारे आहेत. तेव्हा त्यांच्या तक्रारीत तथ्य किती आणि निव्वळ गतकालाचा मोह किती, हे निवडून पाहिले पाहिजे.

निवड करावयाची तर एखादे नेमके उदाहरण हाताशी हवे. सेडान म्हणजे चार दारांची, पाच माणसांची, मागे सामानाची डिकी असलेली घरगुती मोटार. तिच्यात शर्यतीच्या तोडीचे इंजिन बसवावयाचे, पण बाहेरून ती साधीच दिसू द्यावयाची, ह्या कल्पनेला म्युनिक येथील बी.एम.डब्ल्यू. कंपनीच्या 'एम-५' ह्या मोटारीने जगभर मान मिळवून दिला. अशा मोटारी इतरांनीही केल्या. मर्सिडीझची १९९० च्या दशकाच्या आरंभीची '५०० ई' तर पोर्शेच्या कारखान्यातून हात फिरवून येत असे. पण एकाच नावाच्या सात पिढ्या एकामागून एक मांडून पाहण्याची सोय 'एम-५' मध्ये आहे, म्हणून आम्ही तिलाच साक्षीला बोलावतो. दर्दी लोक ह्या पिढ्यांना कारखान्यातील सांकेतिक नावांनी ओळखतात, आणि आम्हीही तीच वापरू.

पहिली 'ई-२८'. ती १९८५ मध्ये लोकांपुढे आली. साडेतीन लिटरचे सहा सिलिंडरांचे इंजिन, २८६ अश्वशक्ती, वजन सुमारे १,४३० किलो. उभ्या जागेवरून ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठण्यास तिला सुमारे साडेसहा सेकंद लागत. त्या काळी घरगुती मोटारीत हा आकडा अचंब्याचा होता. मुख्य कारखान्याच्या रांगेबाहेर, कारागिरांनी हाताने जुळवलेल्या ह्या मोटारी सुमारे २,२०० निघाल्या. पुढची 'ई-३४' ही १९८८ ची. त्यानंतर १९९८ मध्ये 'ई-३९' आली. तिचे इंजिन आठ सिलिंडरांचे, ४०० अश्वशक्तीचे. बहुसंख्य दर्दी आजही हिच्याच नावाने शपथ वाहतात. २००५ च्या सुमारास रस्त्यावर आलेल्या 'ई-६०' मध्ये तर दहा सिलिंडर आणि ५०७ अश्वशक्ती होती. येथवरच्या चारही पिढ्यांत इंजिन आपल्या श्वासाने हवा ओढत असे. २०११ च्या 'एफ-१०' पासून टर्बो आले आणि शक्ती ५६० वर गेली. २०१७ च्या 'एफ-९०' मध्ये ६०० अश्वशक्ती चारही चाकांना मिळू लागली. २०२४ ची 'जी-९०' ही पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर ह्यांचा संकर असून तिची एकत्रित शक्ती ७२७ अश्वशक्ती आहे.

हे आकडे वाचून प्रगतीची सरळ चढती रेघ डोळ्यांपुढे येते. पण वजनाचा आकडा शेजारी ठेवला की रेघ वाकू लागते. 'जी-९०' चे वजन सुमारे २,४३५ किलो भरते. पहिल्या 'एम-५' पेक्षा ही एक टन जड. आपल्याकडच्या हिशेबाने, एक मारुती ८०० आणि तीत दाटीवाटीने बसलेली पाच माणसे एवढे ओझे मूळच्या मोटारीवर चढले. शक्ती अडीचपट झाली खरी, पण दर टनामागे पाहिले तर सुमारे २०० अश्वशक्तीच्या ठिकाणी सुमारे ३०० आली, म्हणजे दीडपट. आणि गंमत अशी की, कंपनीच्याच आकड्यांप्रमाणे 'एफ-९०' ताशी १०० चा वेग ३.४ सेकंदांत गाठत असे, तर तिच्याहून सव्वाशे अश्वशक्तीने बलवान अशी 'जी-९०' ३.५ सेकंद घेते.

परंतु एक दशांश सेकंदासाठी कोणी दर्दी अश्रू ढाळीत नाही. त्यांचे दुःख निराळे आहे आणि ते समजण्यासाठी स्टिअरिंगपासून सुरुवात करणे बरे.

ज्यांनी कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट, म्हणजे पुढची प्रीमियर पद्मिनी, चालवली असेल त्यांना ही गोष्ट शब्दांत सांगावी लागणार नाही. तिच्या स्टिअरिंगला कसलेही साहाय्य नसे. उभी गाडी वळवताना दंड भरून येत. पण गाडी चालू लागली की रस्त्यावरचा खडा, उतार, ओल, सगळे तळहाताला कळे. संक्रांतीच्या दिवसांत पतंग उडवणाऱ्या मुलाला वर पाहण्याची फारशी गरज पडत नाही. दोरीच्या ओढीवरूनच वारा कोठे पडला हे बोटांना कळते. जुन्या स्टिअरिंगचे तसेच होते.

ही नुसती उपमा नव्हे, तिच्यामागे शास्त्र आहे. वळणावर टायरचे रबर पिळले जाते. जमिनीला टेकलेल्या ठशात बाजूला ढकलणारा जो जोर निर्माण होतो तो ठशाच्या बरोबर मध्यावर लागू न होता किंचित मागे लागू होतो. त्यामुळे चाक आपण होऊन सरळ होऊ पाहते, आणि चालकाच्या हाताला जो ताण जाणवतो त्यात ह्या धडपडीचा मोठा वाटा असतो. वेग वाढून पकड संपत आली की ठशाचा मागचा भाग आधी घसरू लागतो आणि हा ताण कमी होतो. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, ताण आधी कमी होतो, पकड नंतर सुटते. म्हणजे हात हलका लागला की समजावे, थोडक्याने संकट टळते आहे. डोळ्यांना काही दिसण्यापूर्वी बोटांना मिळालेली ही सूचना असते. चांगला चालक म्हणून ज्याची ख्याती असे तो पुष्कळदा ही सूचना वाचणाराच असे.

पुढे तेलाच्या दाबावर चालणारे साहाय्य आले. इंजिनच्या पट्ट्याने फिरणारा पंप तेल दाबतो आणि ते तेल चालकाच्या हाताला मदत करते. मदत नीट बेताची ठेवली तर रस्त्याचा निरोप तेलातूनही हातापर्यंत पोहोचतो. ह्या पद्धतीचा दोष असा की, मोटार नाकासमोर धावत असली तरी पंप फिरतच राहतो आणि पेट्रोल जळतच राहते. विजेची मोटर मात्र गरज पडेल तेव्हाच कामाला लागते. शिवाय गाडीने आपली मार्गिका आपण सांभाळावी, आपण होऊन जागेत उभे राहावे, असे हवे असेल तर स्टिअरिंगवर विजेची मोटर पाहिजेच. त्यामुळे गेल्या दहा-पंधरा वर्षांत जवळजवळ सर्वत्र विजेचे स्टिअरिंग आले. मोटरच्या फिरत्या गाभ्याचे जडत्व, तिची दातेरी चाके, आणि धक्के गाळून टाकणारी संगणकाची आज्ञावली, ह्या तिघांतून वाट काढीत रस्त्याचा निरोप येतो. तोपर्यंत त्यातले बारकावे पुष्कळसे गळालेले असतात. अभियंत्याने ठरवले तर ते राखता येतात. पण मोटार विकत घेणाऱ्या दहांतल्या नऊ जणांना तो थरथराट दोष वाटतो, गुण वाटत नाही.

येथे एका गमतीदार गोष्टीची नोंद करणे भाग आहे. जिच्या नावाने शपथा घेतल्या जातात त्या 'ई-३९' चे स्टिअरिंग तिच्या काळीच सर्वोत्तम नव्हते. आठ सिलिंडरांच्या रुंद इंजिनामुळे दातेरी पट्टीच्या आधुनिक रचनेला जागा उरली नाही, म्हणून तेथे गोळ्या फिरणारी जुन्या धर्तीची पेटी बसवावी लागली. त्याच पिढीच्या सहा सिलिंडरांच्या, निम्म्या शक्तीच्या मोटारीचे स्टिअरिंग अधिक बोलके होते, असे जाणकार त्या वेळीही म्हणत असत. उलट, 'एफ-१०' ला तेलाच्या दाबाचे स्टिअरिंग होते, आणि तरी तिच्या वाट्याला दर्दींचे प्रेम बेताचेच आले. तेव्हा तेल म्हणजे सोने आणि वीज म्हणजे पितळ, असा सरसकट निवाडा करणाऱ्यांनी थोडे सबुरीने घ्यावे.

इंजिनाच्या बाबतीत मात्र जुन्याच्या पक्षाचे पारडे आम्हांला जड वाटते. 'ई-३९' च्या आठही सिलिंडरांना आपापली स्वतंत्र झडप होती. ॲक्सिलरेटरवर पाय किंचित दाबला की हवा झडपेतून थेट सिलिंडरात. पायाची हालचाल आणि इंजिनचे उत्तर ह्यांत अंतर जवळजवळ नसे. 'ई-६०' च्या दहा सिलिंडरांचा जोर तर मिनिटाला ६,१०० फेऱ्यांवर कळसाला पोहोचे आणि संपूर्ण शक्ती ७,७५० फेऱ्यांवर. त्या शक्तीपर्यंत चालकाला चढत जावे लागे. तारसप्तकाकडे निघालेल्या तानेसारखा आवाज वर वर जाई, आणि योग्य जागी गिअर बदलणे हे चालकाचे काम असे. 'एफ-१०' मध्ये तेच काम टर्बोने केले. बाहेर जाणाऱ्या धुराच्या झोताने एक पाते फिरवावयाचे आणि त्या पात्याच्या जोरावर इंजिनात अधिक हवा कोंबावयाची, हे टर्बोचे तत्त्व. ६८० न्यूटन-मीटरचा टॉर्क, म्हणजे फिरकीचा जोर, तेथे १,५०० फेऱ्यांपासूनच हजर असे आणि बराच वरपर्यंत तसाच राही. जोर केव्हाही मागा, केव्हाही हजर. मागणाऱ्याचे कौशल्य मात्र त्यात लागत नाही. पात्यांतून गेल्यावर धुराचा आवाजही मवाळ होतो, म्हणून 'एफ-१०' मध्ये इंजिनाचा आवाज गाण्याच्या स्पीकरांतून चालकाला ऐकवण्याची व्यवस्था करण्यात आली. ह्या एका गोष्टीने दर्दी मंडळी जितकी चिडली तितकी कशानेच चिडली नसतील.

गिअरची कथा ह्याहून बोधक आहे. 'ई-३९' फक्त हाताने बदलावयाच्या सहा गिअरांनिशी मिळे. दुसरा पर्यायच नव्हता. वळणाआधी वेग कमी करताना उजव्या पायाच्या पंजाने ब्रेक दाबून ठेवावयाचा, त्याच पायाच्या कडेने ॲक्सिलरेटरला टोचणी देऊन इंजिनाच्या फेऱ्या वाढवावयाच्या आणि त्याच क्षणी खालचा गिअर टाकावयाचा, ही कसरत साधायला महिनेच्या महिने लागत. साधली की मागची चाके हिसका न देता वळणात शिरत. 'ई-६०' मध्ये हे काम यंत्राकडे गेले आणि ते यंत्र सावकाश चालताना फार आचके देई. अमेरिकेतील दर्दींनी ओरड केली, तेव्हा कंपनीने तेथील बाजारापुरता हाताचा गिअर दिला. 'एफ-१०' मध्येही दिला. घेणारे मात्र थोडेच निघाले. 'एफ-९०' पासून तो पर्याय बंद झाला. ह्यात कंपनीला दोष कसा द्यावा हे आम्हांला समजत नाही. जुन्या पद्धतीची स्तुती करणारे पुष्कळजण दहा वर्षांची वापरलेली मोटार घेणारे असतात. कारखाना चालतो तो पहिल्या गिऱ्हाइकाच्या पैशावर, आणि पहिल्या गिऱ्हाइकाला म्युनिकच्या वाहतुकीत क्लच दाबत बसण्याची हौस नसते.

तरीही अभियंत्यांना आपण काय काढून घेत आहोत ह्याची जाणीव नव्हती असे नाही. 'एफ-९०' ला चारही चाकांची चाल देताना त्यांनी एक सोय ठेवली. स्थिरतेचे साहाय्य बंद केले तर पुढची चाके सोडून देऊन सगळी शक्ती मागच्या चाकांकडे वळवता येते. सहाशे अश्वशक्तीची मोटार सुरक्षित करण्यासाठी जी यंत्रणा बसवली, तीच निकामी करण्याचा मार्गही कारखान्याने स्वतः देऊन ठेवला. आम्हांला हा त्या वादातील सर्वांत प्रामाणिक कबुलीजबाब वाटतो.

मग हे सारे घडले का? मोटार बनवणारे अरसिक झाले, हे उत्तर सोपे आहे पण खरे नाही. युरोपीय संघाने २००९ मध्ये नियम केला की, प्रत्येक कंपनीच्या नव्या मोटारींचे सरासरी कार्बन-उत्सर्जन ठरावीक मर्यादेत यावे. २०१५ साठी सरासरी मर्यादा किलोमीटरमागे १३० ग्रॅमची, आणि २०२० पासून ९५ ग्रॅमकडे. 'ई-६०' ला शंभर किलोमीटरला अधिकृत आकड्यानेच १४.८ लिटर पेट्रोल लागे आणि तिची टाकी ७० लिटरची. म्हणजे पाचशे किलोमीटर जाण्याआधीच पंप शोधणे आले. असले इंजिन पुढे चालणे अशक्य होते. संकरित मोटारीच्या अधिकृत चाचणीत बॅटरीवरची धाव हिशेबात धरली जाते, त्यामुळे कागदावर तिचे उत्सर्जन फारच खाली येते. 'जी-९०' च्या पोटात जड बॅटरी आली ती ह्या वाटेने. शिवाय गाडी लांबीने वाढली. 'ई-२८' सुमारे ४.६ मीटर, 'जी-९०' सुमारे ५.१ मीटर. अपघातात आतील माणसे वाचावीत म्हणून पोलाद वाढले, हवेच्या पिशव्या आल्या, आवाज अडवण्यासाठी थर आले, त्या वजनाला थांबवण्यासाठी ब्रेक मोठे झाले, ब्रेक सामावण्यासाठी चाके मोठी झाली. एकेक निर्णय घेऊन पाहिला तर त्यातला एकही मूर्खपणाचा म्हणता येत नाही.

आता जुन्याच्या बाजूने बोलणाऱ्यांना दोन कडू गोष्टी ऐकवणे प्राप्त आहे. पहिली, स्मरणशक्ती फार चतुर असते. 'ई-६०' नवी होती तेव्हा तिच्या आचके देणाऱ्या गिअरांना आणि गुंतागुंतीच्या बटणांना नावे ठेवण्यात आली. आज तिच्या दहा सिलिंडरांची आरती ओवाळली जाते. त्या इंजिनातील बेअरिंगे अकाली झिजतात आणि दुर्लक्ष झाल्यास इंजिन बाद होते, हे आरती ओवाळणारे खाजगीत कबूल करतात. स्वस्तात मिळाली म्हणून घेतलेली जुनी वेगवान मोटार दुरुस्तीच्या वेळी आपली मूळची, नवेपणाची किंमत विसरत नाही. दुसरी गोष्ट अधिक गंभीर. 'ई-२८' ला चाके अडकू न देणारे ब्रेक होते, पण घसरू लागलेली गाडी सावरणारी यंत्रणा नव्हती. ही यंत्रणा इतके जीव वाचवते की युरोपात नोव्हेंबर २०१४ पासून प्रत्येक नव्या मोटारीला ती सक्तीची झाली. ओल्या रस्त्यावर जुन्या मोटारीत झालेली चूक चालकाला खरोखरच भोगावी लागे. ज्या 'थेट संबंधा'चे गोडवे गाइले जातात त्यात हाही संबंध येतो.

परंतु इतके मान्य केल्यावरही एक मुद्दा शिल्लक राहतो, आणि तो आम्हांला सर्वांत वजनदार वाटतो. मोटार जिवंत कोणत्या वेगाला होते? 'ई-२८' ताशी साठ-सत्तरच्या वेगाने वळणावळणाच्या रस्त्यावर नेली तरी चालकाचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय कामात असतात. गाडी थोडी झुकते, टायर कुजबुजतात, इंजिन आपली पट्टी बदलते. कायद्याच्या आत राहून आनंद मिळतो. 'जी-९०' त्याच वेगाला झोपलेली असते. तिची परीक्षा पाहावयाची तर ज्या वेगाला जावे लागते तो वेग जर्मनीच्या महामार्गांवरील मर्यादामुक्त पट्टे आणि शर्यतीचे मैदान सोडले तर कोठेही चालत नाही. आपल्या मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गावर सपाटीला ताशी १०० ची मर्यादा आहे. तेथे ही मोटार साडेतीन सेकंदांत मर्यादेला पोहोचेल, आणि पुढचा दीड तास तिच्या सातशे अश्वशक्तीला काही काम असणार नाही.

ह्यातच धोक्याचे बीज आहे. कानावर आवाज कमी पडला की माणूस आपला वेग आहे त्यापेक्षा कमी समजतो, हे प्रयोगांनी दिसून आलेले आहे. नव्या मोटारीत काचा जाड, आसन स्थिर, स्टिअरिंग शांत. ताशी १४० चा वेग ९० सारखा वाटतो. आणि त्या वेळी धावत असते अडीच टनांच्या घरातले वजन. एकाच वेगाला 'जी-९०' मधील गतिज ऊर्जा 'ई-२८' च्या सुमारे १.७ पट असते; वेग दीडपट झाला तर ऊर्जा आणखी सव्वादोनपट होते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. आतल्या माणसांचे रक्षण नवी मोटार उत्तम करते ह्यात शंका नाही. रस्ता ओलांडणाऱ्याला मात्र तिच्या आतील हवेच्या पिशव्यांचा उपयोग नाही. दर्दी लोक जेव्हा म्हणतात की, गाडीने आम्हांला वेग कळू द्यावा, तेव्हा त्यांच्या मनात स्वतःची मौज असेल; पण त्या मागणीत इतरांच्या जिवाचीही काळजी आपोआप येऊन जाते, हे त्यांच्या टीकाकारांनी ध्यानात घेतलेले नाही.

हा वाद श्रीमंत देशांपुरता नाही. आपल्याकडे औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, स्कोडाची 'ऑक्टाव्हिया' जुळवली जात असे. तिची 'आर.एस.' ही तिखट आवृत्ती २००४ मध्ये आपल्या बाजारात आली. टर्बोचे पेट्रोल इंजिन, १५० अश्वशक्ती, हाताचा गिअर. जर्मनीतल्या आकड्यांपुढे हे किरकोळ. पण टर्बोची पेट्रोल मोटार म्हणजे काय हे ज्या पिढीने कधी पाहिलेच नव्हते तिला ती विजेच्या धक्क्यासारखी वाटली. २०१७ मध्ये 'आर.एस.' परत आली ती २३० अश्वशक्ती घेऊन, पण आपल्याकडे फक्त स्वयंचलित गिअरांनिशी. २०२० मध्ये २४५ अश्वशक्तीच्या २०० मोटारी बाहेरून आणवल्या गेल्या. नवी प्रत्येक मोजमापात सरस, यात वाद नाही. तरी पुण्या-मुंबईच्या दर्दींच्या गप्पांत पहिल्या 'आर.एस.' चा विषय निघाला की आवाज बदलतात. तिचा गिअर हाताने टाकावा लागे, आणि टर्बो जागा होईपर्यंतची घटकाभराची वाट पाहणे हेही त्यांच्या लेखी तिच्या स्वभावाचा भाग होते. टर्बो जुन्या मोटारीत असला की स्वभाव आणि नव्या मोटारीत असला की दोष, ही विसंगती त्यांना दिसत नाही. प्रेम करणाऱ्यांना ती दिसत नसतेच.

नवेपणा आणि जिवंतपणा ह्यांचे हाडवैर नाही, हेही पुराव्यानिशी सांगता येते. इटलीच्या आल्फा रोमिओ कंपनीने २०१५ मध्ये दाखवलेल्या 'जूलिया क्वाड्रिफोलिओ' ला टर्बो आहे, विजेचे स्टिअरिंग आहे, ५१० अश्वशक्ती आहे. पण वजन कमी राहावे म्हणून तिचे बॉनेट, छप्पर आणि मागच्या चाकांकडे शक्ती नेणारा दांडा कार्बन-फायबरचे केले, आणि जाणकारांनी तिचे स्टिअरिंग आवडीने वाखाणले. अमेरिकेच्या कॅडिलॅकने २०२१ मध्ये 'सी.टी.-५-व्ही ब्लॅकविंग' जाहीर केली. तिला ६६८ अश्वशक्तीचे आठ सिलिंडरांचे इंजिन आणि हाताचे सहा गिअर. म्हणजे हे होऊ शकते. कोणीतरी ठरवावे लागते, आणि घेणाऱ्याने शब्दाला जागून पैसे मोजावे लागतात. उलट दिशेचा दाखला मर्सिडीझचा. 'सी-६३' ह्या मोटारीला एके काळी ६.२ लिटरचे आठ सिलिंडरांचे इंजिन असे. २०२२ मध्ये तिला दोन लिटरचे चार सिलिंडर आणि विजेची मोटर मिळून ६८० अश्वशक्ती देण्यात आली. शक्ती कितीतरी वाढली, वजन दोन टनांच्या वर गेले, आणि तिच्या जुन्या चाहत्यांनी तोंड फिरवले.

आता तर पेट्रोलचे इंजिनच जाण्याच्या वाटेवर आहे. विजेच्या मोटारीला गिअर बदलण्याची गरज नसते. जोर पहिल्या क्षणापासून पूर्ण. असे असताना कोरियाच्या ह्युंदाईने २०२३ मध्ये 'आयोनिक-५ एन' ह्या विजेच्या मोटारीत खोटे गिअर बसवले. चालकाने स्टिअरिंगमागची पट्टी ओढली की मोटर क्षणभर जोर आवरते, बेताचा हिसका देते आणि स्पीकरांतून इंजिनाचा आवाज चढतो-उतरतो. गिअर बदलण्याचे टाळले तर जोर अडून राहतो, जसा खऱ्या इंजिनात अडावा. २०२५ मध्ये पुढे आलेल्या 'आयोनिक-६ एन' ह्या सेडानमध्येही हीच युक्ती आहे. ह्या खोट्या गिअरांनी गाडीचा वेग वाढत नाही, उलट ते बंद ठेवले तर ती अधिक लवकर पळते. सुरुवातीला त्यांची थट्टा झाली. मग त्या चालवून पाहिलेल्या पुष्कळ कडव्या दर्दींनी, थोड्या संकोचाने का होईना, ते चालू ठेवणेच पसंत केले.